मालट्रकच्या डाव्या अंगाला राहू नका, आणि नंबर अर्धाच आठवत असला तरी तक्रार द्या

सोलापूरच्या बाळे भागातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात त्या नोकरीला आहेत आणि पुणे रोडने रोज स्कूटीवरून ये-जा करतात. गेल्या आठवड्यात सकाळी कोंडी गावाच्या पुढे एक भरलेला मालट्रक उजवीकडून भरधाव आला. त्यांना पूर्ण ओलांडून पुढे जाण्याआधीच तो डावीकडे दाबत आला. त्याच्या बॉडीचा धक्का स्कूटीच्या आरशाला लागला आणि ताई साइडपट्टीवर ढकलल्या गेल्या. पडल्या नाहीत, पण हातापायांतला कंप दिवसभर गेला नाही. नंबर अर्धाच लक्षात राहिला. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? तक्रार केली तर खरंच काही होतं का? आणि मिस्टर म्हणतात नोकरी सोड, तर त्यांचं ऐकायचं का? जाता जाता त्यांनी मुलीचंही लिहिलं आहे. ती जुन्या पुणे नाक्यावरून कॉलेजला जाते, तिचीही काळजी वाटते.

ताई, तक्रार द्या, आणि ती याच आठवड्यात द्या. उशीर का करायचा नाही ते पुढे सांगतो. पण उद्या सकाळी तुम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर असणार, म्हणून आधी गाडी चालवण्याचं बोलू.

त्या ड्रायव्हरने तुम्हाला बघून दाबलं की न बघता दाबलं, हे आपल्याला कळणार नाही. न बघण्याची शक्यता मात्र मोठी आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसतो. केबिनच्या डाव्या दाराला लागून जो पट्टा असतो तो त्याला खिडकीतून दिसत नाही, तिथे भरवसा फक्त डाव्या आरशाचा. तो आरसा कित्येक गाड्यांना फुटलेला, आत दुमडलेला किंवा धुळीने माखलेला असतो. केबिनच्या अगदी पुढे बंपरला खेटून उभा असलेला माणूस आणि बॉडीच्या थेट मागे असलेली दुचाकी हेही त्याला दिसत नाहीत. खूण सोपी आहे: ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

आता वेगाचा हिशोब. चौपदरी महामार्गावर मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे, शहराच्या हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ६०. फलकावर याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा. टँकर आणि डंपरना तर वेगनियंत्रकच ६० चा बसवलेला असावा लागतो, आणि पाकणीच्या इंधन डेपोंमुळे तुमच्या रस्त्यावर टँकर भरपूर. तुम्ही ४५ ने चालला आहात आणि मागून ट्रक ८० ने येतो आहे, तर दोघांच्या वेगात ३५ चा फरक. म्हणजे आरशात १०० मीटर मागे दिसलेली गाडी दहा सेकंदांत तुमच्या शेजारी. तोच ट्रक ६० ने आला असता तर तुम्हाला २४ सेकंद मिळाले असते. एकदा आरसा बघून निर्धास्त झालात आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा बघितलं, तर मधल्या वेळात तो येऊन निघूनही गेलेला असतो. म्हणून महामार्गावर दर पाच-सात सेकंदांनी उजव्या आरशात नजर टाकायची, आणि आरसा असा लावायचा की त्यात स्वतःचं कोपर जेमतेम दिसेल, बाकी सगळा रस्ता.

थांबण्याचं गणित याहून कडक आहे. भरलेला दहा चाकी ट्रक मालासकट २८ टनांच्या घरात जातो. टायर चांगले, रस्ता कोरडा आणि ब्रेक ठीक असं सगळं धरलं तरी ६० च्या वेगात ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत सुमारे ६० मीटर लागतात. ८० ला हेच अंतर ९५ च्या आसपास जातं, कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ६० वरून ८० ला गेलं की ती पावणेदोन पट होते. त्यात एअर ब्रेकची हवा नळ्यांतून चाकापर्यंत पोचायलाही थोडा वेळ जातो. गाडी ओव्हरलोड असेल, किंवा डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारून सगळा भार ब्रेकवर टाकला असेल, तर ड्रम तापतात, पकड सुटते, आणि वर सांगितलेल्या आकड्यांना अर्थ राहत नाही. ट्रकच्या पुढ्यात शिरून लगेच ब्रेक मारणारा दुचाकीवाला बहुधा एवढंच गृहीत धरतो की मागचा थांबेल. तो थांबूच शकत नाही.

हे ध्यानात घेऊन पुढचं करा.

ट्रक मागून येताना दिसला की वेग वाढवून त्याच्याशी बरोबरी करू नका. तो शेजारी आला की ॲक्सिलरेटर सोडा. बारा मीटर लांबीची गाडी, फरक १५ चा असेल तर तुमच्या शेजारून जायला जवळपास तीन सेकंद घेते. फरक ३५ चा झाला तर सव्वा सेकंद. शेजारी राहण्याचा वेळ जितका कमी, तितकं त्याच्या आंधळ्या पट्ट्यात राहणं कमी. तुमच्या बाबतीत झालं ते इथेच. त्याची केबिन पुढे गेली, बॉडी अजून तुमच्या शेजारी होती, आणि त्याच्या मते ओव्हरटेक संपला होता. पुढे संथ गाडी, डावीकडे वळणारा रस्ता किंवा दुभाजकातला कट दिसत असेल, तर तो डावीकडे दाबणार हे धरूनच चाला आणि आधीच मागे राहा.

ट्रकच्या हवेचा झोत दोनदा बसतो. केबिन शेजारी आली की तुम्ही बाहेर ढकलल्या जाता, शेपूट निघून गेलं की आत ओढल्या जाता. बंद कंटेनर आणि टँकरच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. हँडल घट्ट आवळलं तर स्कूटी वेडीवाकडी होते. कोपर सैल, गुडघे सीटला टेकलेले, आणि डांबराच्या कडेपासून हातभर आत, असं चाला. अगदी कडेला चिकटून जाणाऱ्याला चुकवायला जागाच उरत नाही.

साइडपट्टीवर उतरावंच लागलं तर तिथे डांबर आणि माती यांत पायरी असते, वर बारीक खडी. स्कूटीचं चाक लहान, ते या पायरीवर आडवं होतं. उतरताना पुढचा ब्रेक सोडून द्या, वेग उतरू द्या, हँडल सरळ. परत डांबरावर चढताना मात्र घाई नको: वेग २० च्या आत आणा, पायरीला थोडं तिरकं जाऊन चढा. कडेला घासत समांतर चढायला गेलं की पुढचं चाक सरकतं आणि माणूस आत, रस्त्यावर पडतो. मागून दुसरा ट्रक येत असतोच.

ट्रकला डावीकडून कधीही ओलांडू नका, तो उभा असला तरी. उजवीकडून ओलांडायचं, पण ३०-४० मीटर मागूनच उजव्या लेनमध्ये येऊन, हॉर्न आणि डिपर देऊन, त्याच्या आरशात चेहरा दिसल्यावर. एका दमात पुढे जायचं, आणि त्याची केबिन तुमच्या आरशात पूर्ण दिसल्याशिवाय डाव्या लेनमध्ये यायचं नाही. जमत नसेल तर मागे चार सेकंदांचं अंतर ठेवून चाला. ट्रक एखाद्या खांबापाशी पोचला की मोजायला लागा, तुम्ही चार मोजून तिथे पोचला पाहिजेत.

मुलीला एक गोष्ट पक्की समजावून सांगा. जुन्या पुणे नाक्यासारख्या चौकात सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत घुसायचं नाही. लांब गाडी डावीकडे वळताना आधी सरळ पुढे जाते, मग वळते, आणि तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतून कोपरा कापत येतात. समोर जागा मोकळी दिसते ती दोन सेकंदांपुरती. मागच्या चाकांखाली दुचाकी जाण्याचे अपघात असेच होतात, आणि त्यात ट्रकचा वेग दहा-पंधराचाच असतो. तिने ट्रकच्या मागे उभं राहावं. थेट पुढे उभं राहायची वेळ आली तर इतकं पुढे, की मान वळवल्यावर ड्रायव्हर दिसेल.

तुमची दुसरी पाळी असेल आणि परतताना रात्र होत असेल, तर धावत्या ट्रकइतकाच उभा ट्रक घातक. टायर फुटलेला, दिवे बंद, मागे रिफ्लेक्टर पट्टी नाही, आणि चाकाला लावलेला एखादा दगड. स्कूटीच्या लो बीममध्ये सुमारे ४० मीटरपर्यंत नीट दिसतं. ५० च्या वेगात दिसल्यापासून थांबेपर्यंत जवळपास तेवढंच अंतर लागतं, म्हणजे हाताशी काही शिल्लक नाही. रात्री ४५ च्या वर जाऊ नका. समोरच्याचा हेडलाइट डोळ्यांवर आला तर नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग आणखी उतरवा. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, यात उसाच्या दुहेरी ट्रॉल्यांची भर पडते. बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या ट्रॉलीच्या दिव्यांना झाकून टाकतात. ट्रॅक्टरचा पुढचा दिवा दिसला म्हणजे मागची दुसरी ट्रॉली संपली असं समजू नका. आयएसआयचं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली आवळलेला, आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, हे तुम्ही वापरत असालच. नसाल तर आजच घ्या.

आता तक्रारीचं. चीड येणं साहजिक आहे, पण ती नेमकी कुणावर काढायची हे ठरवायला हवं. मर्यादेबाहेर गाडी हाकणारा ड्रायव्हर दोषी आहे, त्यात शंका नाही. पण त्याला फेरीवर पैसे मिळतात, ठरलेल्या वेळेत माल पोचला नाही तर कापले जातात, शहराच्या बंदीच्या वेळा चुकवायला तो पळतो, आणि झोप चाकावर बसूनच काढतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती. हे किती मालक पाळत आले ते रस्त्यावर दिसतंच. वेगनियंत्रक बंद करून ठेवलेली गाडी मालकाला माहीत नसते, हे आम्ही मान्य करणार नाही. म्हणून तक्रार अशी द्यायची की ती ड्रायव्हरपाशी न थांबता मालकापर्यंत पोचेल.

कायद्यात त्याला जागा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली जड मालवाहू गाडीला वेगमर्यादा मोडल्याबद्दल २ ते ४ हजार रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त. कलम १८४ धोकादायक चालवण्याचं. कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार दंड किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४ प्रमाणे २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ निष्काळजीपणे गाडी हाकण्याबद्दल आहेच. यातला दंड मालक फेरीच्या खर्चात धरून मोकळा होतो. झोंबतं ते दुसरं. कलम १९ आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ प्रमाणे ड्रायव्हरचं लायसन्स निलंबित करता येतं, आणि कलम ८६ खाली गाडीचं परमिट. अर्जात हे दोन्ही नाव घेऊन मागा. आणि कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होता हे सांगणं मालकाला बंधनकारक आहे, त्यामुळे तुम्हाला ड्रायव्हरचं नाव माहीत असण्याची गरज नाही.

अर्धा नंबर म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. सुरुवातीची अक्षरं कुठल्या राज्याची आणि जिल्ह्याची होती, शेवटचे कुठले आकडे आठवतात, केबिनचा रंग, बॉडी उघडी की कंटेनर की टँकर, चाकं दहा की बारा की जास्त, ताडपत्रीचा रंग, मागे रंगवलेलं नाव किंवा ट्रान्सपोर्टचा पत्ता, हे सगळं आज कागदावर उतरवा, कारण रोज थोडं थोडं विसरायला होतं. तो ट्रक पुण्याच्या दिशेने चालला होता. पुढे सावळेश्वरचा टोलनाका आहे, तिथे प्रत्येक गाडीचा फोटो आणि फास्टॅगची वेळ नोंदली जाते. तुमची वेळ मिनिटापर्यंत सांगता आली, तर पोलिसांना त्यापुढच्या अर्ध्या तासात गेलेल्या गाड्यांतून ती शोधता येते. त्या वेळी घरी किंवा कामावर कुणाला फोन केला असेल तर कॉल लॉग बघा, वेळ मिळेल. जवळचे पेट्रोल पंप आणि कारखान्यांची गेटं यांचे कॅमेरे रस्त्याकडे असतात, पण फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. उशीर करू नका म्हटलं ते यासाठी. अर्ज देतानाच फुटेज राखून ठेवण्याची विनंती त्यात घाला.

कुठे द्यायचा? जागा शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत की ग्रामीण पोलिसांच्या, या वादात पडू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी पोलीस ठाण्याला माहिती घ्यावी लागते. ई-मेलनेही देता येते, फक्त ३ दिवसांत जाऊन सही करायची. एक प्रत सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला, पोच घेऊन. गाडी कर्नाटक किंवा तेलंगणाची निघाली तरी हरकत नाही, ई-चलान तिथेही पोचतं आणि लायसन्सबद्दलची शिफारस त्या कार्यालयाला कळवता येते. यापुढे पूर्ण नंबर मिळाला तर महाट्रॅफिक ॲपवरून तक्रार करता येते, आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून त्या गाडीचं फिटनेस आणि विमा चालू आहे का तेही दिसतं. मुदत संपलेली असेल तर अर्जात एक ओळ वाढवा.

मजकूर असा ठेवा:

“दि. ___ रोजी सकाळी ___ वाजता राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, सोलापूरहून पुण्याच्या दिशेने, कोंडीच्या पुढे किलोमीटर दगड क्र. ___ जवळ मी डाव्या लेनमधून स्कूटीने जात असताना ___ वर्णनाच्या मालट्रकने (वाहन क्रमांकाचा आठवत असलेला भाग ___) मला उजवीकडून ओलांडताना पूर्ण पुढे न जाता डावीकडे दाबले. ट्रकच्या बॉडीचा धक्का स्कूटीच्या उजव्या आरशाला लागला व मी साइडपट्टीवर ढकलले गेले. ट्रक न थांबता निघून गेला. टोलनाका व परिसरातील सीसीटीव्ही फुटेज जतन करून वाहनाचा शोध घ्यावा, कलम १८४ व भारतीय न्याय संहिता कलम २८१ प्रमाणे कारवाई करावी आणि लायसन्स व परमिट निलंबनाचा प्रस्ताव परिवहन कार्यालयाकडे पाठवावा.”

यात “शंभरच्या स्पीडने” असं लिहू नका. वेगाचा आकडा यंत्राशिवाय टिकत नाही, आणि तो एक आकडा खोडला की सगळा अर्ज हलका होतो. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा. तुम्हाला स्वतःला अंदाज घ्यायचा असेल, तर बसने जाताना महामार्गाच्या कडेला २०० मीटरवर असलेले छोटे दगड बघा. एका दगडापासून पुढच्यापर्यंत गाडीला १२ सेकंद लागले तर ६०, ९ लागले तर ८०. तुटलेल्या आरशाचा फोटो आणि दुरुस्तीची पावती अर्जाला जोडा. आणि स्कूटी चालवताना मोबाईलवर ट्रकचा व्हिडिओ काढायचा नाही, त्याचा पाठलागही नाही.

समोर ट्रक झोकांड्या खात किंवा राँग साइडने येताना दिसला तर बाजूला थांबून ११२ ला फोन. दिवे न लावता रस्त्यात उभी गाडी, सांडलेली खडी किंवा ऑइल यासाठी महामार्गाचा १०३३. दिशा आणि जवळचा किलोमीटर दगड सांगितला की गाडी लवकर येते.

आणखी एक काम तुमच्या हातात आहे आणि ते आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. तुमच्या कारखान्यात रोज ट्रक येतात. मॅनेजरकडे चार-पाच सहकाऱ्यांच्या सह्यांचं पत्र द्या. गेटवर गाडी आत घेताना मागच्या लाल आणि बाजूच्या पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या, मागचा आडवा संरक्षक दांडा, दोन्ही आरसे आणि वजनकाट्याची पावती बघावी. यांतलं काही नसेल तर माल भरू नये. आणि पाळी सुटण्याच्या अर्ध्या तासात गाड्या बाहेर सोडू नयेत. याला खर्च नाही, सिक्युरिटीला एक कागद आणि पेन लागतं. माल भरणाऱ्याने नाही म्हटलं की मालक आरसा त्याच दिवशी बसवून आणतो. दंडाची पावती वर्षानुवर्षं फाडून जे झालेलं नाही ते गेटवर होऊ शकतं.

कोंडीच्या त्याच टप्प्यात इतरांनाही असेच धक्के बसत असतील तर त्यांनाही लेखी द्यायला सांगा. केंद्राच्या व्याख्येत ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत गंभीर किंवा प्राणघातक असे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅकस्पॉट ठरते. पोलिसांत नोंद नसलेला अपघात यात मोजलाच जात नाही, आणि “जाऊ दे, लागलं नाही ना” म्हणून सोडलेल्या प्रसंगांची तर कुठेच खूण राहत नाही. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला नोंदींच्या प्रती जोडून अर्ज दिला, तर त्या टप्प्यावर वेगाचे फलक, रंबलर, दिवे किंवा कट बंद करण्याचा विषय बैठकीत घेता येतो.

मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. त्यांची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. पण नोकरी सोडणं हा पहिला उपाय नाही. आधी ये-जा बदलून बघा. कारखान्याची बस असेल तर तिच्यात जागा मागा. बाळ्याच्या बाजूचे दोन-तीन जण मिळून एक चारचाकी ठरवता येते का ते पाहा. जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच वापरा, वेळ दहा मिनिटं जास्त लागला तरी. मात्र त्यावर समोरून राँग साइडने येणारे असतात, तिथेही वेग ३० च्या वर नको. पाळी बदलून रात्रीची परतीची फेरी टाळता येत असेल तर ते पहिलं करा. यातलं काहीच जमलं नाही आणि रात्री अकराला एकटीने स्कूटीवर याच रस्त्याने यायचं असेल, तर मिस्टरांचं म्हणणं आम्हालाही पटतं, आणि शहरात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम शोधायला आजपासून सुरुवात करा.